शिळ्या भाकरीचे सोयरे

शिळ्या भाकरीवर कुणी लेख लिहावा आणि तो महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापून यावा, हे आमच्या आजीला अजून खरे वाटत नाही. "त्याच्यात लिव्हायसारखं काय हाय माय? शिळी झाली की भाजायची, लसूण घासायचा, तेल सोडायचं न् खायची," एवढे बोलून तिने विषय मिटवला. तिच्या दृष्टीने कृतीही सांगून झाली आणि लेखही संपला. एका परीने तिचे खरे आहे. पण तिच्या त्या एका वाक्यात जे आले नाही, तेवढेच मला इथे सांगायचे आहे, आणि ते बरेच आहे.

माझे गाव लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात. शिकायला मी नांदेडला. मधला रस्ता लोह्यावरून येतो. एसटीने दोन तास धरायचे, आणि गाडी मध्येच रुसली तर देव जाणे. गेली तीन वर्षे आनंदनगरच्या बाजूला एका खोलीत आम्ही चौघीजणी राहतो आणि चौघींचेही डबे गावाहून येतात. मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला ही रीत ठाऊक नसेल म्हणून सांगते. आई पहाटे उठून स्वयंपाक करते, डबा कापडी पिशवीत बांधते, पिशवीवर मुलाचे नाव लिहिते आणि पहिल्या गाडीच्या चालकाच्या पाठीमागे ती पिशवी जाऊन बसते. गाडी स्थानकात लागली की आपण आपली पिशवी ओळखून उचलायची. या डब्यावर शिकून शिक्षक झालेली, वकील झालेली, तहसीलदार झालेली माणसे आमच्या भागात गावोगाव सापडतील. माझे मामा असेच शिकले. आता भोजनालये फार झाली, डबे कमी झाले, पण अजून सकाळच्या गाडीला ड्रायव्हरमागे दोन-चार पिशव्या असतातच.

माझा डबा रोज येत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. म्हणजे आईने मंगळवारी पहाटे चारला उठून थापलेल्या भाकरीवर मला शुक्रवारपर्यंत दिवस काढायचे असतात. तेव्हा ताजी भाकरी कशी लागते याबद्दल माझे ज्ञान बेताचेच. शिळीबद्दल मात्र मला कुणी काही शिकवू नये.

शिळेपण एका जातीचे नसते. पहिल्या दिवशी दुपारी भाकरी मऊच असते. पदरात गुंडाळलेली असली तर अंगचा ओलावा धरून राहते. दुसऱ्या दिवशी ती चिवट होते, तुटत नाही, ताणली जाते आणि खाणाऱ्याचे दात मोजते. तिसऱ्या दिवशी ती पाटीसारखी होते, आपटली तर आवाज करते. आणि गंमत अशी की या तीन दिवसांत भाजायला सगळ्यांत चांगली भाकरी तिसऱ्या दिवशीची. ओलावा गेलेला असतो, त्यामुळे जाळावर धरली की ती करपण्याआधी खरपूस होते. बाजरीच्या भाकरीला हे जमत नाही, ती लवकर खवट होते. गव्हाच्या पोळीला तर मुळीच जमत नाही. हे ज्वारीचेच काम आहे, आणि त्यातही रब्बीच्या, काळ्या रानातल्या मालदांडीसारख्या पांढऱ्या, टपोऱ्या ज्वारीचे.

अर्थात भाकरी नीट झालेली असली पाहिजे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा अंगचा चिकटपणा नसतो. आई कढत पाणी ओतून पीठ मळते, तळहाताने रगडून रगडून त्याला धरायला लावते. पीठ ताजे दळलेले हवे. आठ-दहा दिवस पडून राहिले की त्याची विरी जाते, मग थापताना कडा फाटतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि मग तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करायची. तिथे ती फुगते आणि तिचा पापुद्रा सुटतो. हा पापुद्रा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता कृती. आमच्या खोलीत चूल नाही. गॅसच्या शेगडीवर पापड भाजायची जाळी आहे. तिच्यावर भाकरी ठेवायची आणि मंद आचेवर दोन्ही अंगांनी ठिपके पडेपर्यंत भाजायची. लसणाची एक मोठी पाकळी सोलून, टोक कापून, गरम भाकरीच्या खरबरीत अंगावर घासायची. भाकरी किसणीसारखी वागते. पाकळी घासता घासता झिजते आणि निम्मी होते. मग पापुद्रा बोटाने उचलून त्याच्या आत तेल सोडायचे. वर नाही, आत. वर सोडलेले तेल ताटात ओघळते, आतले तेल भाकरीत मुरते. त्यावर ठेचलेले खडे मीठ. इथपर्यंतचा पदार्थ पूर्ण आहे. यापुढे जे येते ते ऋतूप्रमाणे. हिवाळ्यात टमाटे चांगले असतात तेव्हा दोन टमाटे बारीक चिरायचे, मीठ लावून थोडा वेळ तिरप्या ताटलीत ठेवायचे म्हणजे पाणी सुटते, ते काढून टाकायचे. नाहीतर केलेली भाजणी फुकट जाऊन भाकरीचा लगदा होतो. त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर, असली तर लसणाची कोवळी पात. हे भाकरीवर पसरायचे आणि लगेच खायचे. वाट बघत बसायचे नाही. हा पदार्थ कुणाची वाट बघत नाही.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीचा वाढदिवस होता. नांदेडात नव्याने उघडलेल्या एका उपाहारगृहात आम्ही चौघी गेलो. पदार्थांच्या यादीत आम्हांला परवडेल अशा मोजक्या ओळी होत्या आणि त्यांतली एक होती 'ब्रुशेटा'. मागवला. मोठ्या पांढऱ्या बशीत पावाचे चार भाजलेले काप आले, त्यांवर टोमॅटोच्या फोडी, तेल आणि कसली तरी हिरवी पाने. माझी मैत्रीण एक घास खाऊन थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, ही तर तुझी शिळी भाकरी!" शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले. मला मात्र फार बरे वाटले. आपला एखादा दूरचा सोयरा परक्या गावात कोट घालून भेटावा तसे झाले.

त्यानंतर मी त्या पदार्थाचा माग काढला. मूळ उच्चार ब्रुस्केत्ता. रोमकडच्या बोलीत 'ब्रुस्कारे' म्हणजे निखाऱ्यावर भाजणे; त्यावरून हे नाव पडले. म्हणजे नावात पाव नाही, टोमॅटो नाही, फक्त निखारा आहे. शेजारच्या तस्कनी प्रांतात हाच पदार्थ 'फेत्तुंता' या नावाने चालतो, त्याचा अर्थ तेलात माखलेला काप. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी होते, घाण्यावर नवे तेल निघते. त्या तेलाची पारख कशी करायची? तर शिळ्या पावाचा काप निखाऱ्यावर भाजायचा, लसूण घासायचा, नवे तेल ओतायचे, मीठ भुरभुरायचे आणि खायचे. टोमॅटोचा हंगाम तेव्हा उलटून गेलेला असतो, त्यामुळे या मूळच्या कापावर तो नसतोच. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट ही, की तस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो. आपल्या भाकरीतही मीठ नसते. ज्यांना कोरड्यास खारट, तिखट, तेलकट असते त्यांना धान्य अळणीच लागते, हे त्या शेतकऱ्यांनी आणि आमच्या शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता ठरवलेले दिसते.

ती हिरवी पाने तुळशीच्या जातीची निघाली. उन्हाळ्यात आपण ज्याचे बी सरबतात घालतो त्या सब्जाचीच ती बहीण. आमच्याकडे तुळस भाकरीवर ठेवण्याची कल्पनाही आजीला सहन होणार नाही, तेव्हा कोथिंबीर बरी.

कुणी म्हणेल, टोमॅटो तर त्यांचाच. तसे नाही. टोमॅटो अमेरिकेतला, युरोपात तो सोळाव्या शतकात पोहोचला, इटलीतली त्याची लेखी नोंद १५४४ सालची, मात्तिओली नावाच्या वैद्याच्या ग्रंथातली. मिरचीही अमेरिकेचीच, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला त्यानंतर केव्हातरी ती पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली. त्याआधी आमच्या पूर्वजांनी ठेचा कशाचा केला असेल, हा विचार मला अधूनमधून अस्वस्थ करतो. ज्वारी आफ्रिकेतून आलेली, फक्त ती इतक्या हजार वर्षांपूर्वी आली की आता तिला कुणी गाव विचारत नाही. असो. ताटात सगळेच पाहुणे आहेत. घरचे कोण, हे कुठून आले यावरून ठरत नाही. कुणाच्या रानात उगवले यावरून ठरते.

आणि इथेच माझी भाकरी गेली तीन वर्षे लंगडत होती. ज्वारी आमच्या रानातली, लसूण परसातला, टमाटे शेजाऱ्याचे, मिरची घरची. तेल मात्र पिशवीतले. पारदर्शक, बिनवासाचे, बिनचवीचे. तळायला ते चालते, फोडणीला चालते. पण कच्चे तेल भाकरीवर घेऊन पाहा. काही लागतच नाही. नुसती ओल लागते. चार वस्तूंच्या पदार्थात एक वस्तू मुकी असली की लपवायला जागा उरत नाही. भाजीत ते खपून जाते, भाजीत पंधरा वस्तू बोलत असतात.

आजी म्हणायची, हे तेल नव्हे. तेल म्हणजे करडईचे. ती सासरी आली तेव्हा ज्वारीच्या प्रत्येक रानाला करडईचे कुंपण असायचे. करडईचे झाड काटेरी, जनावर तोंड घालत नाही; म्हणून ज्वारीच्या कडेने आणि मधूनही करडईच्या ओळी पेरत. कोवळी असताना पानांची भाजी, फुलांचा कुसुंबी रंग, बियांचे तेल, उरलेली पेंड जनावरांना. बियांत तेल साधारण तीस टक्क्यांच्या आसपास. गावात तेल्याचा घाणा होता, बैल फिरायचा. आजी सांगते, घाण्यावरून तेल आले त्या दिवशी घरात कालवण होत नसे. भाकरी भाजून, तेल-मीठ-लसूण, झाले. म्हणजे तस्कनीच्या शेतकऱ्याची नोव्हेंबरातली रात्र आमच्या गावात फाल्गुनात साजरी होत होती, फक्त तिला कुणी नाव दिले नव्हते.

हे ऐकताना फार भाबडे होऊ नये, असे मी स्वतःला बजावते. आजीने १९७२ चा दुष्काळही पाहिला आहे. खडी फोडायच्या कामावर ती गेली होती. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी तिने दळली आणि थापली. "ती भाकर भाजली तरी मातीवानी लागायची. न् तेल कुठलं माय, तेलाचं बोट लावायचं," ती सांगते. शिळी भाकरी आवड म्हणून खाणे वेगळे आणि ती सोडून दुसरे काही नाही म्हणून खाणे वेगळे. तोंडात जाणारी वस्तू तीच असली तरी. शिवाय आमच्या घरात शिळी कुणाच्या वाट्याला येते हेही मला दिसत होते. ताजी बाबांना, ताजी पाहुण्याला, ताजी आम्हा पोरांना. आई सगळ्यांची जेवणे झाल्यावर चुलीत उरलेल्या आरावर कालची भाकरी टाकायची. आमचा हा पदार्थ शोधला कुणी, असे विचाराल तर उत्तर सोपे आहे. शेवटी जेवणाऱ्या बायकांनी शोधला. इटलीतही निराळे काही झाले असेल असे मला वाटत नाही. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, भाकरीची पंगत मोठमोठ्या हॉटेलांत बसली, कौतुक झाले. चांगले झाले. त्या कौतुकात आराजवळ बसलेली बाई मात्र मला कुठे दिसली नाही.

करडई गेली कशी, हे मी बाबांना विचारले. बाबा आकड्यांचा माणूस आहे. त्यांचे उत्तर सरळ होते. पूर्वी रब्बीचे रान पावसाळाभर मोकळे ठेवायचे, पाणी मुरवायचे, आणि भाद्रपद-आश्विनात ज्वारी-करडई पेरायची. सोयाबीन आले आणि मोकळे रान ठेवणे परवडेना. सोयाबीन ऑक्टोबरात निघते, लातूरच्या बाजारात रोख पैसा देते. त्यामागून हरभरा घाईने पेरता येतो, यंत्राने काढता येतो. करडईवर मावा पडतो, काढणीला काटे, काट्यांमुळे मजूर येत नाही. आणि परदेशातून येणारे पामतेल स्वस्त. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते. त्यात आमच्या दोन ओळी करडईने काय फरक पडणार होता? "हौसेनं शेती होत न्हाई," बाबा म्हणाले. यात त्यांचे चुकते कुठे, हे मला अजून दाखवता आलेले नाही.

तरीही यंदा करडई पेरली गेली. माझ्या सांगण्यावरून नव्हे, आजीच्याही नव्हे. ती रानडुकरांनी पेरायला लावली. दोन वर्षे डुकरांनी ज्वारीत धुडगूस घातला, तेव्हा बाबांना जुने काटेरी कुंपण आठवले. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याची करडई काढली आहे, फुले वेचायला ती सोयीची; पण बाबांना काटाच हवा होता. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी कुसुम' त्यांनी आणली. दोन एकर ज्वारीच्या चारी कडांनी आणि शिवाय वीस गुंठ्यांत.

फेब्रुवारीच्या शेवटी अभ्यासाच्या सुट्टीत मी गावी गेले ती करडईच्या काढणीला सापडले. करडई पहाटे काढतात. दव पडलेले असते तोवर काटे थोडे नरम असतात. ऊन चढले की ते सुईसारखे होतात. आम्ही पाचला रानात होतो. आईने हातांना जुन्या पोत्याचे तुकडे गुंडाळले, मला बाबांचे जुने पायमोजे हातात घालायला दिले. तरी काटा त्यातून शोधत येतोच. साडेआठला थांबावे लागले, कारण झाडे वाजायला लागली होती. असे चार दिवस. मग ढीग घालून काठ्यांनी बडवणे, वाऱ्यावर उपणणे. माझ्या बोटांत मोडलेला एक काटा परीक्षेच्या अर्जावर सही करताना टोचत होता. बी निघाले जेमतेम दीड क्विंटल. शंखासारखे पांढरे, कडक, चकचकीत. बरेचसे बाबांनी विकले, साठ किलो आईने मागून घेतले.

अहमदपुरात आता लाकडी घाणा पुन्हा सुरू झाला आहे. बैलाच्या जागी मोटार आहे आणि पूर्वी गरिबाचे असलेले तेल आता बाटलीत भरून चांगल्या भावाने जाते. साठ किलोंचे सोळा किलोंच्या आत-बाहेर तेल आले. आले तेव्हा गढूळ होते. आईने डबा हलवू दिला नाही. तीन-चार दिवसांनी गाळ खाली बसला आणि वर फिकट सोनेरी तेल निवळले. त्याला वास आहे. कसा, ते मला सांगता येत नाही. कोरड्या गवताचा आणि भाजलेल्या बियांचा मिळून काहीतरी.

त्या रात्री कालवण केले नाही. आजीने करूच दिले नाही. अंगणातल्या चुलीत तुराट्या पेटवल्या, त्या विझून आर झाला, आणि आजी पाटावर चुलीपुढे बसली. आदल्या दिवशीच्या भाकरी तिने मुद्दाम जास्त करून ठेवायला लावल्या होत्या. पहिली भाकरी भाजून, लसूण घासून, पापुद्रा उचलून तिने आत तेल सोडले. बोट लावून नव्हे, पळीने. मीठ टाकले, आणि ताट उचलून बाबांकडे न देता आईपुढे सरकवले. "तू खा आदी. हात फाटलेत तुझे." आई कावरीबावरी झाली. "अवो आत्याबाई, त्यांना द्या की," असे काहीतरी पुटपुटली. बाबा म्हणाले, "खा खा, मला काय घाई न्हाई." मग आईने घास घेतला. मी तिच्याकडे पाहत होते. आई सगळ्यांच्या आधी जेवते आहे, हे दृश्य मी एकवीस वर्षांत प्रथमच पाहत होते. भाकरी कुरकुरत होती, तेल तिच्या कोपरापर्यंत ओघळले. ती एकच वाक्य बोलली, "मीठ थोडं कमी हाय."

माझी पाळी आली तेव्हा मला कळले की तीन वर्षे मी जे खात होते तो या पदार्थाचा आराखडा होता. आधी धुराचा वास, मग लसणाचा चटका, आणि त्यांच्यामागून तेल, आणि तेल सर्वांत शेवटपर्यंत राहते. टमाटे होते घरात. कुणालाही घ्यावेसे वाटले नाहीत.

जेवणे झाल्यावर खरा विषय निघाला. बाबांनी पुढच्या वर्षीचे गणित मांडले. यंदा पोरीचे बी. ए. होईल, डबा बंद होईल. मग त्या दोन एकरांत ज्वारी कशाला? ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, कडब्याला पूर्वीइतकी गुरे नाहीत. जूनमध्ये सगळीकडे सोयाबीन, मागून हरभरा. खायला लागेल ती ज्वारी विकत आणू. आणि ज्वारी नाही म्हटल्यावर तिचे कुंपणही नाही; म्हणजे करडईही नाही. हिशेबात कुठे खोट नव्हती.

आई भांडी गोळा करत होती. पाठ न वळवता म्हणाली, "पोरगी आणखी शिकनार असंल तर दोन एकर मोकळं ठिवा. विकतच्या ज्वारीची भाकर दोन दिस टिकत न्हाई."

कुणी काही बोलले नाही. माझ्या लग्नाचा विषय गेल्या दिवाळीपासून घरात फिरतो आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे शिकण्याबद्दल मी दोनदा बोलले होते आणि दोन्ही वेळा उत्तर आले नव्हते. आता तो प्रश्न दोन एकर रानाच्या रूपाने चुलीजवळ येऊन बसला होता. थोड्या वेळाने बाबांनी विचारले, "एम. ए. किती वर्षांचं असतं?"

"दोन," मी म्हणाले.

"नांदेडलाच?"

"नांदेडलाच."

"मृगाच्या वक्ताला बघू," ते म्हणाले आणि बाज टाकायला उठले.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे 'बघू' हे काही उत्तर नव्हे, पण नकारही नव्हे. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की तिफण बाहेर निघेल. त्या दोन एकरांत सोयाबीन पडले तर मला समजेल. रान मोकळे राहिले तरी समजेल. मला कुणी बोलावून सांगणार नाही, बांधावरून दिसेल.

नांदेडला परतताना आईने दोन लिटर तेल दिले. बरणीचे तोंड मेणकापडाने बांधून ती मांडीवर धरून मी आणली, ड्रायव्हरच्या मागे ठेवू दिली नाही. परीक्षा संपेपर्यंत पुरवावे असा बेत आहे. पण खोलीत आम्ही चौघी आहोत, आणि त्या दिवशी उपाहारगृहात मोठ्याने बोललेली ती मैत्रीण आता गॅस पेटवायच्या आधीच बरणी काढून ठेवते.